न आलेल्या मालाची नोंद

मननासाठी शास्त्रभाग : यिर्मया २८ व २९, दानीएल ८:२७, नहेम्या २:१-८, यहेज्केल ३३:१-९

काही दिवसांपूर्वी आमच्या मंडळीतील शब्बाथशाळेच्या शिक्षकांची सभा होती. पुढच्या महिन्याचे पाठ संदेष्ट्यांवर होते. पाठांची तयारी चालू असता बँकेत नोकरी करणाऱ्या एका तरुण भगिनीने विचारले, "काका, संदेष्टे देवाचा निरोप सांगत असे आपण मुलांना शिकवतो. मग आज कोणी येऊन मला सांगितले की ह्या वर्षी तुला बढती मिळणार असे प्रभूने दाखवले आहे, तर ते मी मानावे की न मानावे? मानले आणि तसे घडले नाही, तर तुझा विश्वास कमी पडला म्हणतात. न मानले, तर तू आत्म्याला विझवलेस म्हणतात. आणि त्या बढतीसाठी प्रार्थना करायची ती तरी कशी?"

सभेत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग पाळकसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही एकतीस वर्षे सरकारी कचेरीत काढली आहेत. तुम्हीच सांगा." मी दोनचार वाक्ये बोललो, पण घरी जाताना मनाला रुखरुख लागली. त्या बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर मला ज्या प्रसंगातून मिळाले तो प्रसंग मी सांगितलाच नव्हता. तो मला भूषणावह नाही. तरी ज्यांना रोज कचेरीत, दुकानात, दवाखान्यात किंवा शाळेत जावे लागते अशा बंधुभगिनींना त्याचा उपयोग व्हावा म्हणून येथे लिहीत आहे.

तीनशे पोती

त्या वेळी मी सीमाभागातील एका गावी नोकरीला होतो. भांडारात आलेला माल मोजून घेणे, साठ्याच्या नोंदवहीत त्याची नोंद करणे आणि बिलावर 'माल मिळाला' अशी सही करणे हे माझे काम होते. घरी आम्ही मराठी पवित्र शास्त्र वाचत असू. कचेरीचे कागद मात्र कानडीत आणि इंग्रजीत असत. आता वाटते की देवालाही मी घरच्या आणि उपासनेच्या भाषेपुरताच ठेवला होता. कचेरीच्या भाषेत त्याच्याशी बोलण्याची सवय मला नव्हती.

हिवाळ्यात एका घरगुती प्रार्थनासभेला बाहेरगावचे एक सुवार्तिक आले होते. शेवटी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, वर्ष संपण्यापूर्वी प्रभू तुला वरच्या खुर्चीवर बसवील. हेडक्लार्कची जागा रिकामी होणार होती आणि मी तिच्यावर डोळा ठेवून होतो, हे त्यांना ठाऊक नसावे. मला अतिशय आनंद झाला. घरी येऊन मी ते शब्द माझ्या शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर तारीख घालून लिहून ठेवले.

मग मार्चअखेर आली. सरकारी नोकरीत असलेल्यांना मार्चअखेर म्हणजे काय हे सांगायला नको. मंजूर झालेला पैसा ३१ तारखेपर्यंत खर्ची पडला नाही, तर तो परत जातो. एका शाळेच्या दोन खोल्यांसाठी सिमेंटची तीनशे पोती यायची होती. पुरवठादाराचे बिल आले होते, पोती आली नव्हती. साहेबांनी मला बोलावून सांगितले, "माल वाटेत आहे. आठ-दहा दिवसांत येईल. तुम्ही आज सही केली नाहीत तर पैसा जाईल आणि पोरे व्हरांड्यातच बसतील." साहेब लबाड नव्हते, आणि त्या पोत्यांत त्यांचा काही वाटा होता असेही मला वाटले नाही. पण माझा गोपनीय अहवाल त्यांनीच लिहायचा होता, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही.

३० मार्चच्या संध्याकाळी मी नोंदवहीत तीनशे पोती जमा दाखवली आणि बिलावर सही केली. ह्याहून लाजेची गोष्ट पुढे आहे. सही करताना मी मनात देवाचे आभार मानले. मला वाटले, सुवार्तिकांचे शब्द पुरे होण्याची वाट ही अशी उघडत आहे.

त्या रात्री मी नेहमीपेक्षा लांब प्रार्थना केली. शाळेसाठी केली, साहेबांसाठी केली, देशासाठीही केली. आमेन म्हटल्यावर पत्नीने विचारले, "आज झालं काय?" मी सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "अहो, पण पोती आली का?"

"येणार आहेत," मी म्हणालो.

"येणार आहेत ते कळलं. आली का?"

मला उत्तर देता आले नाही. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी कचेरी उघडताच मी नोंदवही काढली, ती नोंद लाल शाईने रद्द केली, 'माल अद्याप मिळालेला नाही' असा शेरा लिहून तारखेसह सही केली, आणि बिल साहेबांपुढे ठेवले. ते काय बोलले हे येथे लिहिण्याची गरज नाही.

वाचकांना वाटेल, पुढे देवाने माझा न्याय केला असेल. तसे काही झाले नाही. १० एप्रिलला ट्रक आला, आणि त्यात मोजून तीनशे पोती होती. साहेबांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले. परंतु पैसा परत गेला असल्यामुळे माल उतरवून घेता आला नाही, आणि खोल्यांचे काम पावसाळ्यापलीकडे गेले. हेडक्लार्कची जागा दुसऱ्याला मिळाली. जूनमध्ये माझी बदली झाली. बढती चार वर्षांनी आली, तीही ज्येष्ठता यादीप्रमाणे, जशी सर्वांना येते.

तर मग मी केले ते बरोबर होते काय? सही तशीच राहिली असती तर कोणाचे वाईट झालेले दिसले नसते, उलट त्या मुलांना पावसाळ्यापूर्वी छप्पर मिळाले असते. हा प्रश्न मी पुष्कळ वर्षे बाळगला. त्याचे उत्तर मला यिर्मयाच्या पुस्तकात सापडले.

हनन्याचे दोन वर्षांचे आश्वासन

सिद्कीया राजाच्या चौथ्या वर्षी यरुशलेमेच्या मंदिरात दोन संदेष्टे समोरासमोर उभे राहिले. बाबेलचा राजा तेव्हापूर्वीच मंदिरातील पात्रे आणि पुष्कळ लोक घेऊन गेला होता. यिर्मया मानेवर लाकडी जोखड घेऊन फिरत होता. बाबेलच्या सत्तेखाली राहावे लागणार आहे, असा त्याच्या जोखडाचा अर्थ होता. गिबोनच्या अज्जूराचा पुत्र हनन्या याने याजकांच्या व सर्व लोकांच्या देखत सांगितले की देवाने बाबेलचे जोखड मोडले आहे, आणि दोन वर्षांच्या आत पात्रेही परत येतील व माणसेही परत येतील. मग त्याने यिर्मयाच्या मानेवरचे जोखड काढून मोडून टाकले.

येथे यिर्मयाचे वागणे लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. तो हनन्यावर ओरडला नाही. प्रथम तो आमेन म्हणाला. देव तसेच करो, तू सांगितलेले घडो, असे तो म्हणाला. चांगली बातमी ऐकायची त्यालाही इच्छा होती. त्याचेही नातलग आणि त्याचेही राष्ट्र त्या दुःखात होते. परंतु त्याने एवढी आठवण करून दिली की पूर्वीच्या संदेष्ट्यांनी युद्ध, अरिष्ट व मरी यांचे संदेश दिले. जो शांतीचे सांगतो त्याचे वचन घडल्यावरच त्याला देवाने पाठवले होते हे कळते. हनन्याने जोखड मोडल्यावरही यिर्मया वाद न घालता आपल्या वाटेने निघून गेला. देवाने पुन्हा वचन दिले तेव्हाच तो परत येऊन बोलला. हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मरण पावला.

हनन्याचा दोष काय? त्याची आशा वाईट नव्हती. बंदिवान परत येणार ही गोष्टही खरीच होती. यिर्मयाने स्वतः पुढच्या अध्यायात ती लिहिली आहे. पण त्यात काळ होता सत्तर वर्षांचा. देवाने जे दिलेले नव्हते ते दिले आहे असे हनन्याने देवाच्या नावाने लिहून टाकले. माझ्या भाषेत सांगायचे तर त्याने न आलेल्या मालाची नोंद केली. आणि ३० मार्चला मी जे केले ते त्याच जातीचे होते. पोती येणार होती हे खरे. पण माझ्या सहीचा अर्थ 'येणार आहेत' असा नव्हता, 'आली आहेत' असा होता. माझ्यानंतर ज्या कोणाच्या हाती ती वही जाईल त्याने तिच्यावर विश्वास ठेवायचा असतो. चांगल्या दिवशी त्या सहीचा अर्थ मी बदलला, तर वाईट दिवशी, लबाड माणसाच्या हातून, तिचा अर्थ काहीच उरत नाही. म्हणून माल नंतर आला ह्यावरून ती नोंद खरी ठरत नाही. हनन्याची दोन वर्षे योगायोगाने खरी ठरली असती, तरी देवाने त्याला पाठवलेले नव्हते ही गोष्ट तशीच राहिली असती. अनुवादाच्या तेराव्या अध्यायात मोशेने हेच बजावले आहे. चिन्ह घडून आले तरी सांगणारा देवापासून दूर नेत असेल, तर त्याचे ऐकू नये.

पुष्कळ घरांतून भिंतीवरच्या कॅलेंडरावर यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातील ११ वे वचन छापलेले असते, ज्यात देव आपल्या लोकांच्या हिताचा संकल्प सांगतो. ते वचन आपल्याला प्रिय आहे आणि असावे. पण शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना त्याच्या आधीची वचनेही वाचून दाखवावीत. दहाव्यात सत्तर वर्षे आहेत. सातव्यात, ज्या परक्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याचे कल्याण पाहा व त्यासाठी प्रार्थना करा, अशी आज्ञा आहे. घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, असे तो संदेष्टा बंदिवानांना पत्राने कळवतो. भविष्याचे खरे वचन ज्यांना मिळाले त्यांच्या हाती देवाने कुदळ आणि करणी दिली.

देव पुढचे सांगतच नाही काय?

कोणी म्हणेल, मग आज देव कोणाला पुढचे काही दाखवतच नाही काय? असे मी म्हणणार नाही. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला एकाच ठिकाणी तीन गोष्टी सांगितल्या आहेत. आत्म्याला विझवू नये, संदेशांना तुच्छ मानू नये, आणि सर्व गोष्टींची पारख करावी. आपल्यापैकी काही जण पहिल्या दोन आज्ञा पाळतात व तिसरी विसरतात. काही जण तिसरीच्या नावाखाली पहिल्या दोन मोडतात.

प्रेषितांच्या कृत्यांत अगब नावाच्या संदेष्ट्याचे दोन प्रसंग आहेत. पहिल्यात त्याने अंत्युखियात मोठा दुष्काळ पडणार असे सांगितले, आणि तो क्लौद्याच्या कारकीर्दीत पडला. ते ऐकून शिष्यांनी काय केले? कोणी आपल्या घरी धान्य साठवले असे लिहिलेले नाही. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातील बंधूंसाठी मदत ठरवली व ती बर्णबा आणि शौल यांच्या हाती पाठवली. दुसऱ्या प्रसंगी त्याने पौलाचा कमरबंद घेऊन आपले हातपाय बांधले व यरुशलेमेत पौलाला असेच बांधतील असे सांगितले. पौल तरीही गेला. अगबाच्या वचनाने एकदा मंडळीची थैली मोकळी झाली आणि दुसऱ्यांदा एका सेवकाची तयारी पक्की झाली. दोन्ही वेळा ऐकणाऱ्याला काही द्यावे लागले.

ह्या कसोटीवर मी माझ्या शास्त्राच्या कोऱ्या पानावरचे शब्द घासून पाहिले. त्यांनी माझ्याकडून काय मागितले? काहीच नाही. त्यांनी माझ्या मनात जे आधीच होते त्यालाच देवाचे नाव दिले. त्या सुवार्तिकांच्या हेतूविषयी मला शंका नाही. त्यांनी प्रेमाने आशीर्वाद दिला असेल. पण तो मी कोणाला पारखायला दिला नाही. पौल करिंथकरांस लिहितो की संदेष्ट्यांनी बोलावे आणि इतरांनी निर्णय करावा. मी मात्र ते शब्द पाळकसाहेबांनाही दाखवले नाहीत, कारण ते काय म्हणतील ह्याची मला भीती वाटत होती.

दानीएल उठून कामाला लागला

दानीएलाच्या पुस्तकाचा आठवा अध्याय आपण एडका, बकरा आणि शिंगे यांचा अर्थ काढण्यात संपवतो. त्याचे शेवटचे वचन फारसे कोणी वाचत नाही. दर्शन पाहून दानीएल मूर्च्छित झाला व कित्येक दिवस आजारी पडला. मग तो उठला आणि राजाच्या कामकाजाला लागला. दर्शनाने तो थक्क झाला होता, तरी कामावर गेला.

मला ह्या वचनाचा मोठा आधार वाटतो. एवढी मोठी राज्ये उठताना आणि पडताना ज्याने पाहिली, त्याला बेलशस्सराच्या कचेरीतले कागद क्षुल्लक वाटले असते तर नवल नव्हते. पण त्याला तसे वाटले नाही. म्हणूनच पुढे दारयावेशाच्या काळी त्याच्या वैऱ्यांनी त्याच्या राजकारभारातील कामात दोष शोधला, तेव्हा त्यांना लबाडीही सापडली नाही आणि हलगर्जीपणाही सापडला नाही. मगच ते त्याच्या प्रार्थनेकडे वळले. सिंहांच्या गुहेची गोष्ट आपण मुलांना आवडीने सांगतो. पण त्या गुहेपूर्वी त्याच्या वह्या तपासल्या गेल्या होत्या आणि त्या स्वच्छ निघाल्या होत्या, हेही सांगत जावे.

भविष्याच्या नावाने काम सोडण्याचा मोह मंडळीला जुना आहे. थेस्सलनीकात काही जण प्रभूचा दिवस आलाच आहे अशा समजुतीने घाबरून गेले होते, आणि काही जण काम न करता इतरांच्या उठाठेवी करत फिरत. जो काम करायला राजी नाही त्याने जेवूही नये, असे पौलाने त्यांना लिहिले. तो स्वतः तंबू करणारा होता. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकरी उपदेशकाने दानीएलाच्या पुस्तकावरून वर्षे मोजली, आणि अखेर त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही प्रभूच्या आगमनाची तारीख मानली. काहींनी त्या वर्षी शेतातले पीक काढले नाही, काहींनी दुकाने बंद केली. २३ ऑक्टोबरची सकाळ उजाडली तेव्हा ती भाबडी, प्रामाणिक माणसे रडली. त्यांची थट्टा करणे आपल्याला शोभत नाही, कारण प्रभूच्या येण्याची त्यांची ओढ आपल्यापेक्षा अधिक होती. पण पीक काढणारा शेतकरी प्रभूला पाहून लाजला नसता. जो दास आपले काम करताना धन्याला सापडतो तो धन्य, असे प्रभूने स्वतःच शिकवले आहे.

दोन प्रार्थना

आता प्रार्थनेविषयी. नहेम्या राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमेचा तट पडला आहे हे कळल्यावर तो रडला, उपास केला आणि प्रार्थना केली. ही बातमी किसलेव महिन्यात आली, आणि राजाशी बोलण्याची वेळ आली ती नीसान महिन्यात, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी. त्या काळात तो आपल्या कामावर होताच. मग एके दिवशी राजाने विचारले, तुला काय पाहिजे? प्रश्न आणि उत्तर ह्यांच्यामध्ये त्याने स्वर्गीय देवाची प्रार्थना केली. ती एका श्वासाची असावी, कारण राजा उत्तराची वाट पाहत होता. आणि मग त्याने काय मागितले? किती दिवस लागतील ते सांगितले, नदीपलीकडच्या सुभेदारांना पत्रे मागितली, आणि लाकडासाठी राजाच्या वनाचा रक्षक आसाफ याच्या नावे पत्र मागितले. चार महिने प्रार्थना करणाऱ्याला वनरक्षकाचे नाव ठाऊक होते.

माझी त्या रात्रीची प्रार्थना लांब होती, पण तिच्यात पोत्यांचा उल्लेख नव्हता. जी गोष्ट देवापुढे मांडायला हवी होती तेवढीच मी वगळली. आपण सही केल्यावर प्रार्थना करतो आणि देवाने फक्त शिक्का मारावा अशी अपेक्षा करतो. बँकेच्या खिडकीपुढे रांग उभी असते तेव्हा गुडघे टेकता येत नाहीत, हे खरे. पण सहीसाठी लेखणी उचलल्यावर ती कागदाला लागण्यापूर्वी एक श्वास असतो. घरच्या प्रार्थनेत जो रोज सत्य बोलतो त्याला तो श्वास पुरतो.

नहेम्याच्या सहाव्या अध्यायात एक खोटा संदेशही आहे. दलायाचा पुत्र शमाया त्याला सांगतो, तुला मारायला येत आहेत, मंदिरात शिरून दारे लावून घेऊ. शब्द धार्मिक होते आणि जागा पवित्र होती. पण नहेम्याने ओळखले की तोबीया व सनबल्लट यांनी त्याला पैसे देऊन बोलायला लावले आहे. त्याने हे कशावरून ओळखले? तो संदेश त्याला हातातले काम सोडून पळायला सांगत होता आणि त्याला भिववून पापात पाडत होता. नहेम्या कामावर राहिला, आणि तट बावन्न दिवसांत पुरा झाला.

पहारेकऱ्याचा जानेवारी

येथपर्यंत वाचून कोणी मला प्रामाणिक कारकून समजेल, म्हणून राहिलेले सांगतो. ती पोती मार्चअखेरपर्यंत येणार नाहीत हे मला जानेवारीतच दिसत होते. मागणी उशिरा गेली होती. पुरवठादाराचे पूर्वीचे व्यवहार माझ्याच वहीत होते. तेव्हाच मी दोन ओळींचे टिपण साहेबांपुढे ठेवले असते, तर दुसरीकडून माल घेता आला असता किंवा मुदतीची काही सोय करता आली असती. पण हेडक्लार्कची जागा डोळ्यांपुढे असताना साहेबांना न आवडणारे टिपण कोण लिहितो? मी गप्प राहिलो. ३१ मार्चची लाल रेघ योग्य होती, पण ती मुले पावसात व्हरांड्यात बसली ती माझ्या जानेवारीतील मौनामुळेही बसली.

यहेज्केलाला देवाने पहारेकरी नेमले. तरवार येताना पाहून पहारेकऱ्याने शिंग वाजवले नाही, तर मेलेल्याच्या रक्ताचा झाडा त्याच्यापासून घेतला जातो. पहारेकऱ्याला दूरचे गूढ दिसावे लागत नाही. रस्त्यावर जे दिसते ते त्याने वेळेवर सांगायचे असते. औषध संपत आले आहे हे परिचारिकेला प्रथम दिसते. पुलाचा कठडा खचत आहे हे मिस्त्रीला दिसते. एखादे मूल वर्गात गप्प होत चालले आहे हे शिक्षिकेला दिसते. हे वेळेवर, नम्रपणे आणि लेखी सांगणे ही आपल्या धंद्यातील संदेष्ट्याची सेवा होय. तिच्यासाठी दर्शन लागत नाही, थोडे धैर्य लागते. ते धैर्य मागावे, कारण प्रार्थनेचा तो उत्तम विषय आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सर्वांची परिस्थिती माझ्यासारखी नसते. माझी नोकरी गेली नाही, फक्त बदली झाली. ज्याची नोकरी कंत्राटी आहे, घरी आजारी आई आहे आणि मालक म्हणेल ते लिहावे लागते, त्याला दूरवरून उपदेश करणे सोपे आहे. अशांनी नामानाची गोष्ट वाचावी. अरामाचा हा सेनापती बरा झाल्यावर अलीशाला म्हणाला की माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करील तेव्हा मलाही वाकावे लागेल, ह्याची परमेश्वर मला क्षमा करो. अलीशाने त्याला शांतीने जा म्हटले. संदेष्ट्याने त्याला दटावले नाही. पण नामानाने काय केले तेही पाहा. त्याने आपल्या वाकण्याला आशीर्वाद म्हटले नाही. त्याने त्याला क्षमेची गरज असलेली गोष्ट म्हटले, आणि ती आधीच उघड सांगितली. अडचणीत वाकणारा माणूस आणि वाकण्याबद्दल देवाचे आभार मानणारा माणूस ह्यांत मोठे अंतर आहे. ३० मार्चला मी दुसरा होतो. अडचणीतल्या बंधूचे ऐकून घेणे आणि जमल्यास त्याचे ओझे उचलणे हे मंडळीचे काम आहे. प्रार्थनासभेत आपण आजारासाठी विनंत्या करतो तशा सह्यांसाठीही करता आल्या, तर बरेच जण रात्री झोपू शकतील.

त्या बहिणीस

आता त्या बहिणीच्या प्रश्नाकडे वळतो. ताई, कोणी तुला बढतीचे वचन सांगितले तर त्याचा अपमान करू नकोस. यिर्मयाप्रमाणे आमेन म्हण. पण त्याची नोंद करू नकोस, कारण तो माल अजून आलेला नाही. तो संदेश आपल्या पाळकांना व एखाद्या वडीलधाऱ्या बहिणीला सांग आणि त्यांना पारखू दे. तो तुझ्याकडून काय मागतो ते पाहा. तो तुला अधिक सत्य, अधिक उदार आणि कामात अधिक दक्ष करत असेल तर देवाचे आभार मान, मग बढती येवो वा न येवो. तो तुला एखादी गोष्ट न पाहण्यास शिकवत असेल तर त्याला सोडून दे. आणि बढती घडली नाही म्हणून तुझा विश्वास कमी पडला असे कोणी म्हटले, तर यिर्मयाच्या त्या सत्तर वर्षांत परक्या नगरात बागा लावणाऱ्यांची आठवण कर. बढतीसाठी प्रार्थना अवश्य कर, लाजू नकोस. फक्त त्या प्रार्थनेत आजच्या टेबलावरचे कागदही एकेक करून देवापुढे ठेव.

माझ्या शास्त्राच्या पहिल्या पानावरचे ते शब्द मी खोडले नाहीत. त्यांच्याखाली दुसऱ्या एका तारखेने पत्नीचा प्रश्न लिहिला आहे. ती प्रभूमध्ये निद्रिस्त होऊन आता सहा वर्षे झाली. तिने कधी स्वतःला संदेष्टी म्हणवले नाही, शब्बाथशाळेत लहान मुलांना ती गोष्टी सांगत असे एवढेच. परंतु आमच्या घरात देवाचे वचन सांगितले गेले असेल, तर ते त्या रात्री तिच्या तोंडून. प्रभू आपणा सर्वांना, आपापल्या कामाच्या जागी, तो प्रश्न विचारणारी माणसे देवो, आणि ऐकण्यासाठी कान देवो.